काहीही तक्रार नाही

भाच्याचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला मिरजेच्या एका दवाखान्यात गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं एक फॉर्म पुढे केला. झेरॉक्सची झेरॉक्स, एका कडेची अक्षरं पार फिकटलेली. ताई आणि भावोजी गाडीतून सामान काढत होते, म्हणून फॉर्म मीच भरायला घेतला. नाव, वय, वजन, मग प्रश्न. छातीत दुखतं का? धडधडतं का? जिना चढताना धाप लागते का? प्रत्येकापुढे दोन चौकोन, होय आणि नाही. भाचा व्हीलचेअरमधून मान तिरकी करून वाचत होता. तेरा वर्षांचा आहे. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करत नेणारा आनुवंशिक आजार. वाचून झालं की शेरा मारल्याशिवाय राहत नाही. "नाहीवर खूण कर मावशी," तो म्हणाला, "मी जिना चढतच नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसला. मी खूण केली. लिहिलं ते शंभर टक्के खरं होतं. डॉक्टरांनी नंतर फाईलवर नेहमीचं वाक्य लिहिलं, काहीही तक्रार नाही. तेही खरंच. पण दोन खरी उत्तरं मिळून काहीच सांगत नाहीत, हे मला घरी आल्यावरही काही सुचू देईना.

आपल्याला आपलं हृदय दमल्याचं कळतं ते पायांमुळे. जोतिबाच्या पायऱ्या चढताना आपण मधेच थांबतो, "वय झालं बाई" म्हणतो, आणि त्या थांबण्यातून कुणीतरी शहाणा माणूस आपल्याला डॉक्टरांकडे पाठवतो. ज्या मुलाचे पायच चालत नाहीत, त्याच्या हृदयाला असा जाब विचारणारं कुणी नसतं. त्याची सगळी पळापळ जॉयस्टिकवर. हृदयाची ताकद निम्म्यावर आली तरी बसून गणितं सोडवायला, मोबाइलवर क्रिकेट बघायला तेवढी पुरते. ड्युशेनच्या मुलांचं हृदय जेव्हा शेवटी बोलतं, तेव्हाही छातीतून बोलेलच असं नाही. पोट दुखतं, उलटी होते, जेवण जात नाही, वजन उतरतं, रात्री झोप लागत नाही. घरातले ओवा देतात, ॲसिडिटीची गोळी देतात. म्हणून या आजारात हृदयाची वाट बघायची नसते, आपणच जाऊन विचारायचं असतं. निदान झालं त्या वर्षापासून, दरवर्षी, पोरगं हसत-खेळत असलं तरी.

हा पोरगा लहानपणी कसा होता ते आमच्या गल्लीत अजून सांगतात. आमच्याकडे सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बाळाचे पाय बघून भविष्य सांगायची रीत. ह्याच्या पोटऱ्या चार वर्षांच्या वयात अशा भरलेल्या, टणक, की ताईचे सासरे पाहुण्यांना चड्डी वर करून दाखवायचे. "पोटऱ्या बघा की पोराच्या! तालमीतच घालायचा ह्याला." लाल मातीत उभं राहिलेलं पोर त्यांच्या डोळ्यांपुढे तयार होतं. फक्त जमिनीवरून उठताना तो आधी चवड्यावर जायचा, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. सगळे हसायचे. म्हाताऱ्यासारखा उठतोय म्हणे. १८७९ साली लंडनच्या गॉवर्स नावाच्या डॉक्टरांनी नेमकी हीच हालचाल लिहून ठेवली होती आणि आजही तपासणाऱ्याची पहिली नजर तिच्यावर जाते, हे आम्हाला कुठून कळणार. त्या भरदार पोटऱ्यांत स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरत होते. सासऱ्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. पुढे कधी त्यांनी कुठल्या बाळाच्या पायांवर बोललेलं मी ऐकलं नाही.

निदानाचा रस्ताही वाकडाच. तापाच्या निमित्तानं रक्त तपासलं तर यकृतासाठी बघतात तो एसजीपीटी वाढलेला. मग एका डॉक्टरांनी यकृताची औषधं चालू केली, तेल-तूप बंद केलं, आणि पोरगं कित्येक महिने उकडलेली भाजी खात राहिलं. एसजीपीटी स्नायूंतूनही रक्तात येतो. दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी त्याला एकदा जमिनीवर बसवून उठवलं, काही न बोलता सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज सांगणारी रक्ताची तपासणी, लिहून दिली, आणि जो आकडा दोनशेच्या आत असायला हवा तो पंधरा हजारांच्या वर आला. नंतर जनुकाची तपासणी. एक्झॉन, म्हणजे जनुकाचे तुकडे, ४५ ते ५० गाळलेले. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या पालकांत ओळख करून घेताना आधी गाव विचारतात, मग लगेच, "डिलीशन कुठलं?" आमच्या ताईला, जिनं बारावीला सायन्स सोडलं होतं, आता एकोणऐंशीच्या एकोणऐंशी एक्झॉनांची भाषा येते.

त्या जनुकावरून जे प्रथिन तयार होतं, ते डिस्ट्रोफिन, १९८७ साली सापडलं. मला ते गादीच्या टाक्यांसारखं वाटतं. कापूस तोच, खोळ तीच, पण टाके नसतील तर झोपणाऱ्याच्या प्रत्येक कुशीबरोबर आतलं सगळं सरकतं आणि खोळ उसवते. स्नायूची पेशी आकुंचन पावली की तिच्या पडद्याला ताण बसतो. डिस्ट्रोफिन नसलं की तो फाटतो, आत नको तितकं कॅल्शियम शिरतं, पेशी मरते, तिच्या जागी वण येतो. आता हातापायाच्या स्नायूला निदान विश्रांती मिळते. हृदयालाही हेच प्रथिन लागतं, आणि त्याला सुट्टी नाही. या मुलांच्या नाडीचा वेगही बसल्या जागी जास्त असतो, आमच्याकडे शंभराच्या आसपास. वण बहुधा डाव्या कप्प्याच्या मागच्या, बाहेरच्या भिंतीत सुरू होतो. आतून रक्त नेहमीसारखं वाहत राहतं.

इकोच्या खोलीत नेहमी अंधार आणि एसी. डाव्या कुशीवर वळायचं असतं. त्याला स्वतःला वळता येत नाही, म्हणून ताई खांदा धरते, भावोजी कंबर, आणि मी पायांमधे उशी सरकवते. थंड जेली लागली की तो दरवेळी "आई गं" करतो. स्टिरॉइडमुळे छातीवर चरबी, त्यात पाठीचा कणा एका बाजूला झुकायला लागलेला, त्यामुळे बरगड्यांच्या मधून यंत्राला हृदय नीट दिसत नाही. तंत्रज्ञ पुटपुटतो, "विंडो मिळेना," आणि प्रोब जोरात दाबतो. मधूनच तो आवाज सुरू करतो आणि अंधारात सूं-सूं, सूं-सूं असं काहीतरी भरून राहतं. हे यंत्र हृदयासाठी जन्मलेलंच नाही. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी ते पहिल्यांदा हृदयावर लावलं, तेव्हा ते कारखान्यात धातूतल्या अदृश्य भेगा शोधायला वापरायचे. पडद्यावर करडं काहीतरी उघडतं, मिटतं. आम्ही तिघंही पडद्याकडे बघतो, समजत काही नाही. भाचा एकटा तंत्रज्ञाच्या चेहऱ्याकडे बघतो.

मग ईएफ येतो.

एका ठोक्यात डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं, त्याचा आकडा. पालकांच्या फोनाफोनीत बोर्डाच्या निकालाइतकं महत्त्व. "आमचा साठ." "आमचा बावन्न आला हो." पंचावन्नच्या वर असला की ताई वाटेत उसाचा रस पाजते. मलाही तो आकडा ऐकला की खांदे सैल झाल्यासारखे वाटायचे, गेल्या वर्षी पुण्याला एमआरआय काढेपर्यंत. हल्ली मूल सहा-सात वर्षांचं झालं आणि झोपेचं इंजेक्शन न देता नळीत पडून राहू शकलं तर इकोपेक्षा हृदयाचा एमआरआय बरा म्हणतात. ह्याला नळीत घातलं. ठकठक, घरघर, मधे माइकवरून "श्वास घ्या, रोखा, सोडा". काचेपलीकडून मी नकळत श्वास रोखत होते आणि माझाच त्याच्याआधी सुटत होता. शिरेतून गॅडोलिनियम देतात, निरोगी स्नायूतून ते निघून जातं, वणात रेंगाळतं. पडद्यावर काळ्या भिंतीच्या बाहेरच्या कडेला एक पांढरी रेघ उमटली, नखाएवढी. ईएफ त्याही दिवशी साठ होता. डॉक्टरांनी दोन्ही एकाच सुरात सांगितलं. आकडा छान आहे. वण सुरू झालाय.

त्या संध्याकाळी उसाचा रस प्यायचा की नाही, यावर गाडीत कुणीच काही बोललं नाही. भाच्यानंच शेवटी आठवण केली.

गोळी मात्र आधीच चालू होती, आणि तिचा एक वेगळाच गमतीदार प्रसंग आहे. नऊ पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी त्याला बीपीची गोळी लिहून दिली. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी उलटसुलट केली. "पोराला बीपी?" नाही. "मग?" त्याच जातीची गोळी आमची आई वीसेक वर्षं घेते. आता घरात आजी आणि नातू एकाच डब्यातून गोळ्या घेतात, फक्त मात्रा वेगळी. यामागे फ्रान्समधल्या सत्तावन्न मुलांची गोष्ट आहे. साडेनऊ ते तेरा वर्षांची, ड्युशेन असलेली, हृदय अजून धड असलेली मुलं. निम्म्यांना पेरिंडोप्रिल हे बीपीचंच औषध लगेच दिलं, निम्म्यांना पहिली तीन वर्षं नुसती साखरेची गोळी, मग सगळ्यांनाच औषध. दहा वर्षांनी मोजलं तेव्हा आधी सुरू केलेल्या २८ पैकी २६ जिवंत होती. उशिरा सुरू केलेल्या २९ पैकी १९. अभ्यास लहान आहे, वाद घालणारे वाद घालतात. पण दहाव्या वर्षाच्या आत, तक्रार नसतानाच गोळी द्यायची, हा सल्ला आता जगभर रुजलाय. मी ही आकडेवारी वाचते तेव्हा त्या उशिराच्या गटातल्या आयांचा विचार येतो. चिठ्ठी काढून वाटणी झाली होती, कुणाची चूक नव्हती. तरी त्या मनाशी काय म्हणत असतील?

स्नायूंच्या सगळ्या आनुवंशिक आजारांत हृदयाचं गणित सारखं नसतं, हे मला पुण्यातल्या एका मेळाव्यात कळलं. तिथे एका गृहस्थांनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. मी अवघडले. "थांबा, सुटतोय," ते शांतपणे म्हणाले आणि एकेक बोट उलगडायला लागले. मायोटोनिक डिस्ट्रॉफी. मूठ वळते, पण उघडायला वेळ घेते. टक्कल लवकर, मोतीबिंदू लवकर, दिवसा पेंग. त्यांच्या हृदयाची पंपाची ताकद ठीक होती, बिघाड होता तो ठोक्याचा निरोप पोचवणाऱ्या वाटेत. तिथे इकोपेक्षा साधा ईसीजी जास्त बोलतो, आणि होल्टर, म्हणजे चोवीस तास अंगावर लावून ठेवायचा ईसीजी. वरच्या कप्प्याकडून खाली निरोप जायला लागणारा वेळ, ज्याला पीआर म्हणतात, तो २४० मिलिसेकंदांवर गेला की डॉक्टर कान टवकारतात, कारण अशी माणसं चालता-बोलता अचानक जातात. "मला पेसमेकर बसवलाय," असं म्हणून त्यांनी सदऱ्यावरून खांद्याखालची फुगवटी दाखवली. "भावाला ईसीजी काढ म्हणून सांगतोय. तो म्हणतो, मला कुठे काय होतंय."

मला कुठे काय होतंय. हे वाक्य त्या दिवशी पुन्हा ऐकलं ते बेकर नावाची डिस्ट्रॉफी असलेल्या एका बँकेतल्या माणसाकडून. ड्युशेनचंच जनुक, पण प्रथिन अगदीच नाहीसं न होता तोकडं का होईना तयार होतं. त्यामुळे हा पस्तिशीतही स्कूटर चालवतो, दोन मजले चढतो. त्याला धाप लागायची. त्यानं ती पायांच्या नावावर खपवली, डॉक्टरांनी वजनाच्या. बेकरमध्ये कधीकधी पाय बरे असताना हृदयच पुढे निघून जातं. त्याचा ईएफ तीस निघाला. माझ्या भाच्याला जिना नाही म्हणून कळत नाही, आणि ह्याला जिना असूनही कळलं नव्हतं. खांद्यांच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंचा जो आजार असतो त्यात हृदय बहुतेक सुटतं. एमरी-ड्रायफस नावाच्या प्रकारात कोपरं आखडतात, मान आखडते, आणि त्या किरकोळ दिसणाऱ्या माणसाचं हृदय मोठ्या धोक्यात असतं. म्हणून "मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे" एवढं पुरत नाही, कुठली ते माहीत हवं. हे मी सगळ्यांना सांगत सुटते, ताई म्हणते मी कंडक्टरसारखी ओरडते.

ती वैतागते त्याला कारण आहे. तिचं म्हणणं, आधी पाय गेल्याचं दुःख, मग हात, आता दरवर्षी नवं भय विकत आणायला आपण पैसे भरतो. मला तिचं अगदीच खोटं वाटत नाही. तपासणीनं वण पुसला जात नाही. तारीख जवळ आली की घरातली भांडणं वाढतात, भाचा नखं कुरतडतो. पण उद्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्याला हृदयाचा ताजा हिशेब लागेल, आणि भुलीची काही औषधं या मुलांना चालत नाहीत हेही आपणच ओरडून सांगायचं. आणखी एक. या मुलांचा ईसीजी मुळातच वेगळा असतो, छातीतल्या पहिल्या लीडमध्ये उंच लाट, बाजूच्या लीड्समध्ये क्यू नावाचा खोल खड्डा. रात्री-बेरात्री कॅज्युअल्टीत नव्या डॉक्टरनं तो बघितला तर त्याला अटॅकच दिसणार. म्हणून जुन्या ईसीजीची प्रत व्हीलचेअरच्या मागच्या पिशवीत असते, प्लास्टिकमध्ये, पाण्याच्या बाटलीच्या शेजारी. ती पिशवी ताईच भरते. वैतागत भरते, पण विसरत नाही.

एमआरआयच्या त्याच भेटीत डॉक्टर फाईल मिटता मिटता ताईला म्हणाले, "आणि तुमचा इको कधी काढलाय?"

आमच्या आईला एक भाऊ होता. गावात त्याला पोलिओ म्हणायचे. अठराव्या वर्षी, १९७८ साली, तो झोपेत गेला. आई सांगते, आदल्या संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून जेवला नव्हता, आजीनं ओवा चावायला दिला होता. हृदय होतं की श्वास, आता कोण सांगणार. पण आईला आठवतं, पोटऱ्या त्याच्याही भरलेल्या होत्या. म्हणजे आजीकडून आईकडे, आईकडून ताईकडे आलेलं. आई वाहक असली की प्रत्येक मुलीला अर्धी शक्यता. ताईचं जनुक तपासलं तेव्हा माझंही तपासलं. माझं कोरं निघालं. मला मुलगी आहे, तिच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली म्हणून मी रडले, आणि ताईला फोन करायचा होता म्हणून फोन हातात धरून बसून राहिले. ती "बरं झालं गं" म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. त्या तीन शब्दांचं ओझं अजून उतरलेलं नाही.

वाहक बाईला काही होत नाही, ती नुसती पुढे देते, असं आम्ही धरून चाललो होतो. सासरीही तेवढंच बोललं गेलं, तुमच्याकडून आलं. पण बाईच्या काही पेशींत बिघडलेलं जनुक चालू असतं, काहींत चांगलं, आणि हृदयात ही वाटणी वाईट पडली तर तिचंही हृदय हळूहळू मोठं होऊन दमतं, हातपाय धडधाकट असताना. म्हणून ऐन तारुण्यात एकदा आणि मग दर तीन ते पाच वर्षांनी तिनंही तपासून घ्यायचं असतं. ताई त्रेचाळीसची. पोरगं पंचेचाळीस किलोचं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून पाटावर, सगळं तिच्या कमरेवर. धाप तर लागणारच की. ती धाप कुणाच्या नावावर लिहायची हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. तिनं कित्येक महिने टाळलं. आधी त्याची परीक्षा, मग सासऱ्यांचं ऑपरेशन, मग "मला कुठे काय होतंय". शेवटी भाच्यानंच अट घातली, आईचा निघाल्याशिवाय माझाही इको काढायचा नाही.

ताईचा ईएफ अठ्ठेचाळीस आला. थोडा कमी. घाबरण्याजोगा नाही, सोडून देण्याजोगाही नाही. आता डब्यात तिसरं माणूस सामील झालंय, आई म्हणते किराणा आणावा तशा गोळ्या आणायला लागतात. खरी पंचाईत चिठ्ठीच्या खालच्या ओळीत आहे, जड वजन उचलू नये. भावोजींची शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते. छताला बसवायचा होइस्ट, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र, घ्यायचा तर घरमालक स्लॅबला भोकं पाडू देत नाहीत. चाकांवरचा, पट्ट्यात बसवून उचलणारा मिळतो, पण न्हाणीचं दार अरुंद आहे, त्याचे पाय आत शिरत नाहीत. गेल्या रविवारी भावोजी टेप घेऊन चौकट मोजत बसले होते, ताई दारात उभी राहून म्हणत होती की एवढा खर्च कशाला, मी करते की. भाचा खुर्ची वळवून तिच्यासमोर आडवी लावून बसला. "आई, तुला डॉक्टरांनी काय सांगितलंय?" आणि मग माझ्याकडे बघून, "मावशी, तू गवंड्याला फोन कर. चौकट सहा इंच वाढवायची म्हणावं."